ळ वरून शब्द

विद्यापीठाच्या भाषा विभागात पोरांपेक्षा बाकं जास्त झाली, तेव्हा डीनसाहेबांनी बजावलं, "या सत्रात विद्यार्थ्यांचा उत्साह दाखवा, नाहीतर विभाग बंद." म्हणून सरांनी फोनवर शब्दांच्या भेंड्या सुरू केल्या. एकाने शब्द टाकायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्याने. खेळायचं टोपणनावाने, म्हणजे चुकलं तरी लाज नाही.

"भारी आहे सर!" म्हणत पोरांनी खेळ फोनवर घेतला आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकला. कुणी चुकून डोकावलंच तर जोडीदार हवा, म्हणून सर स्वतःच 'उंदीर' होऊन बसू लागले. आणि काय आश्चर्य, 'चिमणी' आली! रोज यायला लागली. सर हरखले. पोरगी बिचकू नये म्हणून मुद्दाम हरायचे. शेवटी ळ असलेला शब्द तर त्यांनी कध्धी टाकला नाही. ळ वरून शब्दच सुरू होत नाही, बिचारी जागच्या जागी गारद झाली असती.

"अहो, जेवताना तरी ठेवा तो फोन," बायको करवादायची.

"अगं, एक पोर शिकतंय! विभाग वाचतोय की नाही बघ!"

सत्र संपलं. डीनसाहेबांसमोर सरांनी छाती फुगवली. "साहेब, एक चिमणी आहे, काय तिची शब्दसंपत्ती!"

शेजारच्या खुर्चीतल्या विभागप्रमुख बाई दचकल्या. "चिमणी? अहो, मी तर उंदराबद्दल सांगणार होते."

"वा! बोलवा दोघांना, सत्कार करू," डीनसाहेब खूश.

बोलवायला कुणीच उठेना. बाईंचा चेहरा पार उतरला. "सर... उंदीर तुम्ही?"

डीनसाहेब पोट धरून हसले. डोळे पुसले आणि विभाग बंद करायच्या कागदावर सही केली.

जिन्यात सर म्हणाले, "बाई, तुम्ही एकदाही ळ दिला नाहीत."

"पोर पळून गेलं असतं ना हो."

सर पायऱ्या उतरू लागले. खरा विद्यार्थी असता तर पहिल्याच दिवशी ळ हाणून मोकळा झाला असता. एवढी वर्षं पोरं शिकवली, आणि एवढं कळू नये?

त्या दिवशी घरी फोन वाजला. चिमणीने शब्द टाकला होता: 'संध्याकाळ'.

सर बघतच राहिले. आता कुणाला सांभाळून घ्यायचं होतं?

वेळ संपली. 'तुम्ही हरलात. पुन्हा खेळणार?' फोनने विचारलं.

बायकोने त्यांचं ताट झाकून ठेवलं. सरांनी चष्मा पुसला आणि 'हो' दाबलं.