नाना धुरी आणि नॉर्वेचा हऱ्या

आमच्या लालबागच्या चाळीत सकाळी नळाला पाणी यायच्या आधी नाना धुरींच्या खोलीतून आरोळी यायची, "हऱ्या, मेल्या, कान फुटले काय तुझे?" की आम्ही उठायचो. गजर लावायची गरजच नाही. मी नानांच्या शेजारच्या खोलीत, मध्ये नुसतं लाकडी पार्टिशन, त्यामुळे हऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार मला तोंडपाठ.

हा हऱ्या कोण, ते माझ्याशिवाय चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पण नाना मालवणकडचे, गिरणीतून घरी बसलेले आणि भांडण रोजचं. म्हणजे भाऊबंदकी, हे चाळीने एकमताने ठरवून टाकलं. नानांची वाक्यंही तशीच. "पयली बाजू मूळची आसा, दुसरी मागाहून जोडलेली, आणि ह्यो हऱ्या उलटा सांगता!" शेवटी कोपऱ्यातल्या सावंतांनी त्यांना जिन्यात गाठलं. "नाना, बाजू कुठलीही असू दे, तुम्ही आधी सातबारा काढा. आमच्या काकाने अशीच विहिरीकडची बाजू गिळली." नाना म्हणाले, "सातबाऱ्यात सॅक्सोफोन कोण वाजवता ता लिवलेला असता काय?" सावंत त्या दिवसापासून नानांना जरा जपूनच असत.

तर हऱ्या म्हणजे हाराल्ड. नॉर्वेतल्या कुठल्याशा गावातला, पोस्टातून रिटायर झालेला एकटा म्हातारा. बाजू म्हणजे जुन्या तबकडीची बाजू. आणि भांडण जॅझचं, कॉम्प्युटरवरून. नानांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, त्याचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता.

आता लालबागमध्ये वाद्यांची काही कमी नाही. भजनी मंडळ आहे, बेंजो पार्टी आहे, गणपतीत तर कानात बोळे घालून फिरावं लागतं. त्यात या माणसाला जॅझ कुठून चावलं? तर संपामुळे. संप झाला तेव्हा मी शाळेत होते. नाना साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात. तिथे आवाज एवढा, की माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलायची. गिरणी बंद पडली आणि नाना त्या शांततेने वेडेपिसे झाले. पोटासाठी एका भंगारवाल्याची हातगाडी ओढायला लागले. गिरगावातलं एक घर रिकामं करताना तबकड्यांचं खोकं आणि चावीचा ग्रामोफोन निघाला. भंगारवाला म्हणाला, ने तुला. तबकडीवर कोण गोरा, कुठला बँड, नानांना काही पत्ता नाही. त्यांनी लावली.

"आणि काय सांगू गो तुका," नाना अजून सांगतात, "साचेखात्यात गेल्यासारखा वाटला! एकाचो धोटो हयसून धावता, दुसऱ्याचो थयसून, कोण कोणाचा ऐकना नाय, पण कापड एकच निघता!" धोटा म्हणजे साच्यात दोरा घेऊन आडवा धावणारा लाकडी तुकडा. जॅझची याहून चांगली व्याख्या मी तरी ऐकलेली नाही. अर्थात मी दुसरी कुठलीच ऐकलेली नाही.

नानी होत्या तोवर तबकड्या पलंगाखाली असायच्या. "तुमच्यो पिपाण्यो माझ्या भांड्यांत नको," असा त्यांचा सक्त हुकूम. नानी गेल्या, मुलगा विरारला राहायला गेला आणि तबकड्यांनी स्वयंपाकघर काबीज केलं. त्या राहतात ताटं उभी लावायच्या ताटाळ्यात. एका घरात एक तबकडी, अगदी मापात! ताटं गेली पलंगाखाली, आणि पाहुण्याला पोहे मिळतात वर्तमानपत्रावर. दर रविवारी नाना तबकड्यांना रिठ्याच्या पाण्याने न्हाऊ घालतात आणि गॅलरीत सावलीला सुकवतात. एकदा माझ्या आईने शेजारी पापड घातले, तर नाना गरजले, "पापडाचा मीठ उडतला!" आई म्हणाली, "आणि तुमचा रिठा माझ्या पापडात गेला तर?" महिनाभर दोघांत अबोला होता.

माझ्या ऑफिसातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर मी नानांना आणून दिला. ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात महागात पडलेली समाजसेवा. मी स्टेनो, इंग्रजी टायपिंगची सवय. मग काय, नाना मालवणीत सांगणार आणि मी इंग्रजीत बडवणार.

जगभरच्या जुन्या जॅझच्या शौकिनांचा एक गट होता, तिथे नानांनी नाव घातलं. काय एकेक नमुने! एका तबकडीत मध्येच कुणीतरी खोकतो. तो ड्रमवाला खोकला की पियानोवाला, यावर पावसाळाभर वाद चालला होता. एक गृहस्थ पाकिटाचा वास घेऊन साल सांगत. आणि गाणं ऐकून आनंद झाला असं कुणी लिहिलं, की सगळे त्याच्याकडे संशयाने बघत. हा नक्की नवखा!

नाना म्हणायचे, "तेका लिही, मेल्या, कानात काय शेण भरलाहा तुझ्या?" मी लिहायचे, "आदरणीय महोदय, आपल्या मताशी मी नम्रपणे असहमत आहे." काही दिवसांनी हाराल्डचं उत्तर आलं, "टायपिंग करणाऱ्या बाईंना विनंती. म्हातारा एवढा सभ्य असणं शक्य नाही. तो खरंच काय म्हणाला?" मी सगळं कळवलं. तेव्हापासून हाराल्ड मजकुराची सुरुवात "प्रिय मेल्या" अशी करायला लागला. नाना इतके खूश झाले, की मला पहिल्यांदा पलंगाखालची कपबशी काढून चहा मिळाला.

मग साच्यांचा, म्हणजे मागांचा, घोटाळा झाला. आमच्याकडे गिरणी कामगार 'माझे साचे' असंच म्हणतो. ज्या साच्यांवर तो राबला ते त्याचे, मालक गेला उडत. नानांनी सांगितलं, "माझे परळाक चार साचे होते," आणि मीही मूर्खासारखं तसंच्या तसं टाइप केलं. झालं! गट धरून चालला की नाना गिरणीमालक. त्या गटात लोअर परळचे एक साहेब होते, नानांच्याच गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमधले. त्यांनी 'सर, सर' करत नानांना घरी बोलावलं. नाना इस्त्रीचा शर्ट घालून गेले, खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, "हयच माझे साचे होते." साहेब एकदम उसळले. "म्हणजे जागा तुम्ही विकलीत? अहो, बाथरूममध्ये गळती आहे, बिल्डर दाद देत नाही, तुम्ही जरा बोला ना त्याच्याशी!" नाना सरबत पिऊन परत आले. "सांगलंय बघतंय म्हणान. बिचाऱ्याची भिंत ओली आसा," म्हणाले.

सगळ्या गटात फक्त हाराल्डने लिहिलं, "मेल्या, तू मालक नव्हेस. मालकाला साच्याचा ताल ठाऊक नसतो." नानांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "हुशार आसा मेलो." आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा त्याच्या नावाने शंख!

गेल्या थंडीत हाराल्डने दोन ओळी लिहिल्या. हृदयाचं काहीतरी निघालंय, इस्पितळात चाललोय, तोवर ट्रंपेटबद्दल मूर्खपणा करू नकोस. त्यानंतर काही नाही. सकाळची आरोळी थांबली. पहिले चार दिवस चाळ सुखाने झोपली. मग सावंतच येऊन हळूच विचारून गेले, "नानांची केस निकाली लागली काय हो?"

मी म्हटलं, "नाना, तब्येत कशी आहे असं लिहू का?" ते होकाराची मान हलवत. मी लिहायचे. उत्तर नाही. पुन्हा लिहायचे. उत्तर नाही. नाना जेवण अर्धं टाकून कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि पडदा काळा झाला, की कीबोर्डवर टिचकी मारून उजळवायचे.

आणि मग नाना चुकायला लागले. एका सकाळी म्हणाले, "लिही, ह्या तबकडीत क्लॅरिनेट नाय, ट्रंपेट आसा." मलासुद्धा ते क्लॅरिनेट आहे हे कळत होतं, पार्टिशनमधून हजारदा ऐकलेलं! मी तसं बोलले, तर म्हणाले, "तू लिही." दुसऱ्या दिवशी शिकागोची तबकडी त्यांनी पॅरिसची केली. तिसऱ्या दिवशी मेलेल्या वादकाला मेल्यानंतर वाजवायला लावलं. गटाला तर पर्वणीच मिळाली. वास घेणारे गृहस्थ लिहिते झाले, "गिरणीमालकांचे धागे सुटले." खाली दात काढणारी पिवळी तोंडं चिकटवून लोक पळाले. टॉवरच्या साहेबांनी मला खाजगीत कळवलं, 'सरांना मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.'

मला रडूच आलं. या माणसाकडे दुसरं होतं काय? गिरणी गेली, नानी गेल्या, उरला होता तो या गटातला मान, धुरी म्हणतो म्हणजे बरोबर असणार हा. तोही नाना स्वतःच्या हाताने धुळीला मिळवत होते. मी विरारला त्यांच्या मुलाला फोन करायला निघाले. आधी त्यांच्या दारात जाऊन म्हटलं, "नाना, तुम्हाला काही आठवेनासं झालंय का? खरं सांगा."

नाना ताटाळ्याजवळ उभे होते. "वेडा काय गो? सगळा आठवता."

"मग हे काय चाललंय? सगळे हसतात तुम्हाला!"

"हसूंदेत." ते खुर्चीत बसले. "माझ्या बाजूच्या साच्यावर दत्ताराम होतो. संपात गावाक गेलो. मी तेका पत्रां घातलंय, बरो आसस मां, बरो आसस मां. एक उत्तर इला नाय. कसा येतला? माणूस बरो नसलो की काय लिवतलो? बरो नाय म्हणान?" त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "हऱ्याक तब्येत विचारून तो बोलाचो नाय. पण मी चुकलंय तर मेलो गप रवाचो नाय. मरणाच्या दारातसून उठान येतलो माका सांगाक."

मी विरारला फोन केला नाही. खुर्ची ओढली आणि म्हटलं, "सांगा, आज काय चुकायचं?"

मग आम्ही दोघं मिळून चुकायला लागलो. नाना मला शिकवत. साधी चूक नको, हऱ्याच्या जिव्हारी लागेल अशी पाहिजे. गटात आता कुणी हसतही नव्हतं, सगळ्यांनी आम्हाला सोडून दिलं होतं. मलाही वाटायला लागलं होतं की म्हातारा गेला असणार. मी ते तोंडातून काढलं नाही. नानाही काढत नव्हते.

एका रविवारी नाना तबकड्या धूत होते आणि मी सहज पडदा उजळवला. हाराल्डचं नाव. खाली दोन ओळी, अक्षरांच्या चुका असलेल्या, एका बोटाने बडवलेल्या. "इस्पितळातून. नर्सचा फोन घेतला आहे. क्लॅरिनेट आहे, गाढवा."

मी ओरडले. नाना ओल्या हातांनी आले. मी वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला लावलं. मग भिंतीला टेकून खाली बसले आणि ओंजळीत तोंड झाकून रडले. मीही रडले, त्यात काय लपवायचं?

थोड्या वेळाने डोळे पुसून मी कीबोर्ड पुढे ओढला. "काय लिहू नाना? चुकलो म्हणू? बरं वाटलं, काळजी घे, असं लिहू?"

"खुळी काय तू?" नाना एकदम उठले. "लिही, ट्रंपेटच आसा. पुरावो दाखय!"

"अहो, पण तो बिचारा खाटेवर आहे!"

"म्हणानच सांगतंय. पुरावो थय खाटेर मेळाचो नाय. उठाचा लागतला, घराक जावचा लागतला, तबकडी काढून ऐकाची लागतली. लिही गो, बिगीन लिही!"