कल्याणच्या मासळीबाजारी फॉक्सप्रोचे तख्त राखिले, ती हकीकत

एकवीरा आईचे पायी माथा ठेवोन, बाळकुमची भागीरथीबाई मासळीवाली, दामाजीची जन्मदात्री, जे घडले तेच मांडिते; म्हातारीने पदरचे घातले ऐसे उद्या कोणी बोलो नये.

शके एकोणीसशे अठराचे साली कल्याणच्या घाऊक मासळीबाजारी आमचे चिरंजीव राजमान्य दामाजीराव कॉम्प्युटरचे तख्तावर होते, आणि फॉक्सप्रो नामे भाषेत त्यांनी पावती छापण्याचा कारखाना स्वहस्ते रचिला होता. भाषा कदीम, अंगी खोडी फार. वजन घातले की पडदा काळा होवोन यंत्र घोरत पडे, आणि मग मर्जी होईल तेव्हा पावती निघे. परंतु बाजाराचा रिवाजच त्या घोरण्यावर उभा होता. पावती निघेतो सौदा कच्चा. तेवढ्यात गिऱ्हाइकाने मूठभर जास्त मागावी, आणि आम्ही त्याच्या सात पिढ्या उद्धराव्या, आणि मग अर्धी मूठ द्यावी.

ऐसे सुखात असता बाजाराचे चेअरमन देवरामशेट यांची अक्कल फिरली, आणि वर्तकनगराहून प्रमोदिनीबाई नवे यंत्र, व्हिज्युअल बेसिक नामे नवी भाषा व रंगीत बटणांची फौज घेवोन चालोन आल्या. फर्मान सुटले की, सोमवारपासोन नवी भाषा चालावी आणि दामाजीरावांनी घरी बसावे.

दामाजीरावांचे तोंड सुकटीसारखे जाहले. आम्ही पुसिले, "अरे, तुझी भाषा खरंच चांगली हाय का?"

"नाय गं आये. सडकी हाय. पन कुठं सडलीय ते मला ठावं हाय."

"तुझा बापूस पन तसाच. टाकला का मी त्याला?"

सोमवारी रण माजले. तराजूचे पारडे थिरावते न थिरावते तोच पावती बाहेर, सौदा पक्का! खानावळवाले गोविंदाशेट मूठ मागावयास ओठ उघडिती, तो पावती हाती. ते पाटी टाकोन निघोन गेले, आणि त्यांच्यामागे अवघे गिऱ्हाईक गेले. आमच्या विहीणबाई सगुणाबाई यांस ओठी आलेली शिवी गिळावी लागली, त्याने उचकी लागली, ती दुपार टळली तरी राहीना.

मग आम्ही बोंबलाची पाटी चेअरमनांचे मेजावर ठेवोन ठाण मांडिले, आणि हुकूम केला की, जुने यंत्र बसेतो पाटी हलणार नाही. पंखा चालू होता. चेअरमनांचे डोळ्यां पाणी आले.

प्रमोदिनीबाईंनी तहाचे बोलणे लाविले. "आजी, हिलाही थांबायला लावते ना मी."

"आजी कोनाला गं? मुद्दाम थांबलेली कलते. तुमची मोजून थांबंल, गिराईक घड्याल बघंल. आमची कवा उठंल ते तिलाच ठावं नाय, म्हून तर दोघांना घाम फुटतो!"

अखेर चेअरमनांनी नाक धरोन तह मान्य केला. फॉक्सप्रो पुन्हा तख्तनशीन जाहली, दामाजीराव जागेवर बहाल जाहले, आणि नवे यंत्र चेअरमनांस पत्ते खेळावयास इनाम मिळाले.

जाता जाता प्रमोदिनीबाईंनी कोळंबी घेतली. पडदा काळा जाहला. बाई म्हणाल्या, "मावशी, मूठभर घाला की अजून." आम्ही त्यांच्या चौथ्या पिढीपावेतो पोचलो, तो दामाजीरावांचा हात यंत्राकडे गेला. बाई ओरडल्या, "अहो दादा, झोपू द्या तिला! उठवू नका!"

येणेप्रमाणे गनीम फितूर जाहला आणि फत्ते पुरी जाहली. कोळंबी अर्धीच मूठ दिली.