मशीनला कळलं, खोलीला नाही

ह्या गोष्टीतल्या जावयाचा एक सिद्धांत होता आणि तो ऐकल्याशिवाय त्याच्या घरातून कुठल्याही पाहुण्याची सुटका नव्हती.

"माझ्या प्रोग्रॅममध्ये खोडाखोड नाही," पाण्याचा ग्लास पुढे करत तो सुरू करायचा. "लोक काय करतात, जुन्या नोंदीवरच गिरवतात. एक गिरवतो, दुसरा त्यावर गिरवतो, मग बसतात भांडत. आमची फंक्शनल पद्धत. जुन्या नोंदीला हात म्हणून लावायचा नाही. बदल हवा तर नवी प्रत काढायची. चूक व्हायला जागाच नाही."

पाहुणे मान डोलवायचे आणि आतून बायकोचा आवाज यायचा, "झालं का तुझं सुरू?"

हा जावई घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत होता. ट्रक कंपनीचे, हमाल कंपनीचे, आणि कुठली वस्तू कुठे जाणार हे सांगणारा प्रोग्रॅम ह्याचा. प्रत्येक ड्रायव्हरच्या आणि हमालाच्या मोबाइलवर वस्तू दिसायच्या आणि प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना, 'काय करायचं'. त्यात 'न्यायचं' असेल तर वस्तू नव्या घरी, 'भंगार' असेल तर भंगाराच्या गोदामात. गिऱ्हाइकं ऐनवेळी तोंडी काहीबाही सांगतात आणि घोळ होतात, म्हणून ह्याने मालकांच्या मागे लागून एक नियमही करून घेतला होता. तोंडी कुणाचंही ऐकायचं नाही, स्क्रीन सांगेल तेच करायचं. एका ड्रायव्हरने गिऱ्हाइकाच्या शब्दावर फ्रिज शेजारच्या घरात उतरवला, तर ह्याच्याच तक्रारीवरून त्याला आठवडाभर घरी बसवलं होतं.

तर अशा ह्या जावयाच्या सासूबाईंचं सामान आज हलायचं होतं.

सासूबाई एकट्या राहायच्या. गुडघ्यांनी दगा दिला होता, जिना चढताना दोनदा बसावं लागायचं, तरी घर सोडायला तयार नव्हत्या. लेकीने वर्षभर विनवण्या केल्या, रुसून पाहिलं, रडून पाहिलं. जिना नको म्हणून तिघांना एकत्र राहता येईल असं तळमजल्यावरचं मोठं घर शोधलं. तेव्हा कुठे त्या हो म्हणाल्या, आणि तेही एका अटीवर. शिलाई मशीन बरोबर येणार. नवरा गेल्यावर त्याच मशीनवर पाय मारून मारून त्यांनी लोकांचे कपडे शिवले आणि लेकीला शिकवलं. "मशीन येत असेल तर मी येते," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी आहे तिथे बरी आहे." सासूबाई एकदा बोलल्या की ते दगडावर कोरलेलं.

ही अट बायकोने नवऱ्याच्या कानावर घातली होती. पण त्या वेळी तो मोबाइलमध्ये डोकं खुपसून नुसता 'हं, हं' करत होता. पुढे सासूबाईंच्या वस्तू भरताना मधल्या खोलीत त्याला एक काळं, लोखंडी पायांचं धूड दिसलं आणि त्याने बेलाशक त्याच्यापुढे 'भंगार' भरून टाकलं.

सकाळी हमाल आले. सासूबाई स्वयंपाकघरात बरण्या कागदात गुंडाळत होत्या.

"जावईबापू, माझं मशीन लिहिलंय ना?"

"लिहिलंय की," जावई म्हणाला. ते खोटं नव्हतं. काय लिहिलंय ते मात्र त्याने आता बघितलं: भंगार.

पण घाबरायचं कारण नव्हतं. एका रकान्याचा तर प्रश्न. लॅपटॉप घेऊन तो गॅलरीत गेला आणि एक ओळ लिहिली: मशीनची नोंद घे आणि 'काय करायचं' मध्ये 'न्यायचं' भर. बटण दाबलं. पडद्यावर स्वच्छ अक्षरांत आलं: शिलाई मशीन, न्यायचं. त्याने लॅपटॉप तसाच आत नेला. सासूबाईंनी चष्मा लावून ते वाचलं.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "रात्रभर मला त्याचीच धास्ती होती."

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग. नाही झालं. त्याच्याच सिद्धांतानुसार जुन्या नोंदीला हात लागला नव्हता, नवी प्रत निघाली होती. ती त्याने बघितली, सासूबाईंना दाखवली आणि कुठेच ठेवली नाही. फोटोवर मिशा काढल्या म्हणून माणसाला मिशा येत नाहीत, तसलाच प्रकार. खाली हमालांच्या मोबाइलवर मशीन भंगारच होतं.

मोठा ट्रक भरला. लेक-जावयाच्या घरचं सामान आधीच त्यात होतं, वर सासूबाईंचं चढलं, आणि बायको त्याच्यासोबत नव्या घराकडे निघाली. मागोमाग भंगाराची छोटी गाडी गेली. घर रिकामं झालं. सासूबाई खिडकीशी उभ्या होत्या.

"जावईबापू, मशीन मला मोठ्या ट्रकमध्ये चढताना दिसलं नाही हो. त्या लहान गाडीत मात्र काहीतरी काळं होतं."

जावयाने लॅपटॉप उघडला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. शिलाई मशीन, भंगार. त्याने ड्रायव्हरला फोन लावला.

"अहो, त्या गाडीतलं शिलाई मशीन भंगार नाही. परत आणा."

"स्क्रीनवर भंगार आहे, साहेब."

"मी सांगतोय ना तुम्हाला."

"तुम्ही तोंडी सांगताय."

"अहो, तो नियम मीच केलाय."

"म्हणूनच तर," ड्रायव्हर म्हणाला. आता जावयाने आवाज ओळखला. हा तोच, फ्रिजवाला. "मागे एकदा तोंडी ऐकलं साहेब, आणि आठवडाभर घरी बसलो. बायको अजून टोमणे मारते. तुम्ही स्क्रीनवर बदला, मी एका पायावर परत येतो."

"निदान गाडी तरी थांबवा."

"थांबण्याचा रकाना नाही केलेला तुम्ही."

मालकांना फोन लावला तर ते विमानात. भंगाराच्या गोदामात एक दाबयंत्र होतं आणि त्यात पडलेल्या वस्तूचा क्षणात पत्रा होऊन जायचा. सासूबाईंना हे सांगायची त्याची छाती नव्हती. पण त्यांनी ते त्याच्या चेहऱ्यावर वाचलं.

"चला," त्या म्हणाल्या आणि चपला घातल्या. "स्कूटर आहे ना तुमची? पण एक सांगून ठेवते. ते गेलं तर मी येणार नाही. हे घर रिकामं असलं तरी इथेच राहीन, जमिनीवर झोपेन. लेकीला काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

जिना उतरताना त्यांनी गुडघ्यावर हात दाबून धरला होता, पण एकदाही बसल्या नाहीत. मग जावई पुढे, सासूबाई मागे, त्यांच्या मांडीवर उघडा लॅपटॉप आणि जावयाच्या कानात ड्रायव्हर, अशी वरात निघाली.

पहिल्या सिग्नलला तो मान मागे वळवून टाइप करू लागला. ह्या वेळी नवी प्रत नीट नाव देऊन ठेवली.

"बघा हो आता," तो फोनमध्ये म्हणाला.

"भंगारच आहे, साहेब."

"असं कसं होईल?"

असंच होणार होतं. मशीनची नोंद खोलीच्या नोंदीत होती, खोलीची घराच्या, घराची ऑर्डरच्या. डब्यात डबा. मशीन नवं निघालं होतं, पण खोलीच्या डब्यात जुनंच बसलेलं होतं.

"काय झालं?" सासूबाईंनी मागून विचारलं.

"मशीन बदललं आई, पण खोलीला ते कळलेलंच नाही."

"मग सांगा खोलीला. हिरवा झाला, चला."

पुढच्या सिग्नलला त्याने खोलीची नवी प्रत काढली, तीत नवं मशीन ठेवलं. घामाने त्याची बोटं कळांवरून घसरत होती.

"आता बघा."

"भंगार."

"खोलीला कळलं आई, घराला नाही कळलं."

सासूबाईंचा आवाज चढला. "एका घरात राहून एकमेकांना काही सांगत नाहीत म्हणजे काय? आणि ही असली पद्धत तुम्ही मला दर वेळी कौतुकाने ऐकवायचात?"

पुढे रस्ता खोदून ठेवलेला होता. तिथे गर्दीत अडकल्यावर त्याने घराची नवी प्रत काढली. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. वाहतुकीचा एक पोलीस जवळ आला.

"काय चाललंय हे?"

"दुरुस्ती," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्याकडे बघून पोलिसाने पुढे काही विचारलं नाही.

"साहेब, अजून भंगारच," कानात ड्रायव्हर म्हणाला. "आणि मी गोदामात शिरलोय. पुढे एकच गाडी आहे."

आता जावयाने हातपाय गाळले. त्याच्या पाठीवर सासूबाईंचा तळहात टेकला.

"अहो, काहीतरी करा," त्या हळूच म्हणाल्या. "माझं सगळं आयुष्य आहे हो ते."

स्कूटर गोदामाच्या फाटकातून आत शिरली तेव्हा छोटी गाडी दाबयंत्राला पाठ लावून उभी होती. ड्रायव्हरच्या एका हातात मोबाइल, दुसरा हात हौदा उचलायच्या दांड्यावर. हौद्यात मशीन आडवं पडलं होतं. मागे आणखी गाड्या खोळंबल्या होत्या आणि गोदामवाला ओरडत होता, "ओता, नाहीतर बाजूला व्हा."

"ओतू नका," जावई किंचाळला.

"स्क्रीन, साहेब," ड्रायव्हर कळवळून म्हणाला. त्यालाही ते बघवत नव्हतं. "माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

जावयाने लॅपटॉप स्कूटरच्या सीटवर ठेवला आणि गुडघ्यांवर बसला. एकेका डब्यातून वाट काढत बसायला वेळ नव्हता. त्याने सगळं हाताने नवं रचलं. ही खोली, तिच्यात मशीन. हे घर, त्याच्यात ती खोली. ही ऑर्डर, तिच्यात ते घर. डोळे मिटून त्याने बटण दाबलं.

हौदा उचलल्याचा आवाज सुरू झाला आणि थांबला.

"आलं," ड्रायव्हर म्हणाला. "शिलाई मशीन, न्यायचं. आलं बघा, साहेब." आणि त्याने दांडा सोडून कपाळाचा घाम पुसला.

मशीन खाली उतरवलं. एका पायाचा रंग खरचटला होता, बाकी धक्का नव्हता. सासूबाईंनी चाक फिरवलं, सुई खाली गेली, वर आली. त्या भंगाराच्या ढिगाऱ्यात उभ्या राहून रडल्या, आणि जावई त्यांच्याजवळ आ वासून उभा राहिला, कारण त्याने त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं.

"गाडीत बाकीचं भंगार आहे, साहेब, त्याचं काय करू?" ड्रायव्हर स्क्रीनवर बोट फिरवत म्हणाला. "त्याचं आता काही दिसत नाहीये."

"राहू द्या ते," जावई म्हणाला. त्याला त्या क्षणी जगात कशाचीच फिकीर नव्हती.

मशीन पुन्हा छोट्या गाडीत चढवून सगळे नव्या घरी पोचले तर मोठा ट्रक दाराशी होता आणि हमाल त्याच्या सावलीत पाय पसरून बसले होते. ट्रक भरलेला, घर रिकामं. बायको पायरीवर उभी होती आणि तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या.

"हे उतरवत का नाहीत?" जावयाने विचारलं.

मुकादम उठून जवळ आला. "साहेब, निम्मं कपाट आत गेलं होतं. तेवढ्यात स्क्रीनवरून सगळंच गेलं. आता ऑर्डरमध्ये एक शिलाई मशीन तेवढं दिसतंय, आणि ते आमच्याकडे नाही. मग काय, कपाट परत वर चढवलं."

जावयाच्या लक्षात आलं आणि त्याने कपाळावर हात मारला. हाताने रचलेल्या खोलीत त्याने मशीनशिवाय काही ठेवलंच नव्हतं. त्या घरात दुसरी खोली नव्हती. त्या ऑर्डरमध्ये दुसरं घर नव्हतं.

"काही हरवलेलं नाही," तो घाईघाईने म्हणाला. "जुनी प्रत तशीच आहे. ती परत लावतो, लगेच सगळं दिसेल."

त्याचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. जुन्या प्रतीत मशीन भंगार होतं. छोट्या गाडीचा ड्रायव्हर फाटकाशी उभा राहून मोबाइलकडेच बघत होता. स्क्रीन सांगेल ते करायला अगदी तयार.

"आईचं मशीन आलं," बायको शांतपणे म्हणाली. तिचा आवाज शांत झाला की जावयाची बोबडी वळायची. "आता माझं घर आण."

जावई रिकाम्या हॉलमध्ये भिंतीला टेकून जमिनीवर बसला आणि एकेका वस्तूची, एकेका खोलीची नवी प्रत काढू लागला. ह्या वेळी प्रत्येक ओळ तो दोनदा वाचत होता. हमालांनी मशीन तेवढं उचलून आत आणलं, कारण तेवढं स्क्रीनवर होतं. खिडकीखाली उजेड बघून सासूबाईंनी ते लावून घेतलं, समोर एक रिकामं खोकं ओढून त्यावर बसल्या आणि पाय हळूच खालच्या पट्टीवर ठेवला. गुडघा दुखला असणार, पण चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. मशीन खटखट चाललं.

"राहीन हो मी इथे," त्या लेकीला म्हणाल्या. लेकीचे डोळे भरून आले. नवऱ्यावरचा राग तिने तात्पुरता बाजूला ठेवला आणि ती आईच्या पाठीला बिलगली.

"जावईबापू, तुम्ही सावकाश करा, मला घाई नाही," सासूबाई म्हणाल्या. पदराने त्यांनी मशीनवरची धूळ पुसली, चष्मा लावला आणि सुईच्या भोकाजवळ डोळा नेला. "तोवर मी खिडकीला पडदे शिवून टाकते. कापड आणि दोऱ्याचा डबा तेवढा द्या बघू."

तिघांनीही दाराबाहेर ट्रककडे पाहिलं. मुकादमाने मोबाइल वर धरून नकारार्थी मान हलवली.