घावनाच्या पिठाचा मालधक्का

विटांच्या फटीत भरायला पांढरा रंग हवा होता, पण त्यासाठी अलिबागला जायचं नाही असं सदूने ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं. खरं तर थळहून अलिबाग ते काय लांब! पण त्या सकाळी सदूच्या अंगात असं वारं शिरलं होतं की रिक्षाची वाट बघत उभं राहणं त्याला शक्यच नव्हतं.

सदू म्हणजे खताच्या कारखान्यातला डिस्पॅचचा कारकून, नुकताच रिटायर झालेला. सगळी नोकरी त्याने मालधक्क्यावर उभं राहून युरियाच्या गोण्या मालगाडीच्या वाघिणीत चढताना बघण्यात काढली. रिटायर झाल्यावर माणसं काशीला जातात, गुडघ्याला तेल लावतात. सदूने डायनिंग टेबलावर खेळण्यातली रेल्वे पसरली. (खेळण्यातली म्हटलेलं त्याला आवडत नाही. ‘मॉडेल रेल्वे’ म्हणायचं. घरात तसं कोणी म्हणत नाही.) त्यात पुण्याच्या लेकीने, राहीने, वाढदिवसाला विलायतेहून एक किट मागवून दिलं. विटांचा मालधक्का! चपलांच्या खोक्याएवढा, आणि भिंतींवर मसुराच्या डाळीएवढ्या विटा कोरलेल्या.

“विटांचा कशाला?” त्याची बायको कमळ म्हणाली. “आपल्याकडं चिऱ्याची घरं बांधतात. नि मानसं जेवायची कुठं? मांडीवर ताट घेऊन?”

“अगं, प्रदर्शन होईपर्यंत थांब. धनेशसाहेबांनी निवडला ना, की मंडळाच्या मोठ्या रेल्वेवर कायमचा बसणार आपला धक्का!”

धनेशसाहेब हे मॉडेल रेल्वे मंडळाचे अध्यक्ष. किहीमला नारळीच्या वाडीत त्यांचा बंगला, आणि बंगल्यातल्या हॉलभर मंडळाचे रूळ. दरवर्षी अलिबागच्या प्रदर्शनात ते एकच इमारत निवडत आणि तिला त्या रुळांशेजारी जागा देत. नवशिक्याची इमारत त्यांनी आजवर कधी निवडली नव्हती.

“बरं,” कमळ म्हणाली. “निवडला, तर माडीवरची खोली तुमच्या रेल्वेला. न्हाय निवडला, तर रेल्वे माळ्यावर नि टेबल माझं. व्हय?”

“व्हय!” सदू म्हणाला. जिंकल्यासारखाच म्हणाला.

मग जोडकाम सुरू झालं. दार भिंतीला चिकटायच्या ऐवजी आधी सदूच्या अंगठ्याला चिकटलं. छप्पर किंचित तिरकं बसलं. (‘वाऱ्याने होतं तसं,’ त्याने स्वतःची समजूत घातली.) पण विटकरी रंगाचा हात फिरला आणि त्या प्लॅस्टिकमध्ये जीव आला. मधूनमधून एखादी वीट काळपट, एखादी भाजलेली. सदू दोन पावलं मागे जाऊन बघे, पुन्हा जवळ येई, आणि एकटाच म्हणे, “वा!” आता फक्त विटांमधल्या फटीत चुना दिसायला हवा होता. किटमधल्या कागदावर सोपी रीत दिली होती: पातळ पांढरा रंग भिंतीवर ओता, फडक्याने पुसा, फटीत राहील तेवढाच खरा.

फडकं आणायला सदू स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर टोप होता. टोपात घावनासाठी भिजवलेलं तांदळाचं पीठ. पांढरंशुभ्र, पातळ, गुळगुळीत. कमळने त्यात नारळाचं दूध आणि मूठभर साखर घातली होती हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी तो थांबला असता असं नाही.

वाटीभर पीठ भिंतींवर गेलं, फडकं फिरलं, आणि सदूने श्वास रोखला. विलायतेत सुद्धा असा चुना कोणी भरला नसेल! प्रत्येक वीट वेगळी, प्रत्येक फट रेखीव. आनंदाच्या भरात त्याने सांडलेलं फडक्याने पुसलं, फडकं मोरीत टाकलं आणि कमळला हाक मारली.

“बरं दिसतंय,” कमळ म्हणाली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं. मग टोपात बघून म्हणाली, “पीठ कसं कमी झालं ओ?”

“आटलं असेल. उकाडा किती आहे!”

प्रदर्शन त्याच दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. सदूने धक्का टेबलावर मांडला, पुढे रूळ, रुळावर एक वाघीण. नवी साडी नेसून कमळ शेजारी उभी. धनेशसाहेब एकेक इमारत बघत येत होते. कुठे “हं”, कुठे “अंहं”. सदूने रुळावरची वाघीण पुन्हा एकदा नीट केली.

साहेब वाकले. डोळ्याला भिंग लावलं.

“अरे, हे हलतायत!”

“कोण?” सदूने घाबरून विचारलं.

“हमाल! पाठीवर पांढऱ्या गोण्या घेऊन चाललेत! या, या, सगळे इकडे या!”

सदूने वाकून पाहिलं. भिंतीतून एक ओळ निघाली होती. प्रत्येकाच्या तोंडात पांढरा कण. ओळ धक्क्यावरून उतरत होती, वाघिणीला वळसा घालत होती आणि टेबलाच्या फटीत नाहीशी होत होती. इतकं हुबेहूब दृश्य त्याने नोकरीतही पाहिलं नव्हतं. सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, “ए, लाईन सोडू नको!”

हॉल जमा झाला. पोरं बाकांवर चढली. “मोटर कुठे बसवलीत?” साहेबांनी विचारलं.

“मोटर नाही सर.”

“मग? खालून मॅग्नेट?”

“नॅचरल आहे सर,” सदू म्हणाला. आपण माडीवरच्या खोलीत रूळ टाकतोय, असं त्याला लख्ख दिसू लागलं होतं.

साहेब सरळ उभे राहिले. “खरं सांगू? इमारत बेताची आहे. रंग जाड, छप्पर तिरकं. ती परत न्या. पण हे हमाल मंडळाला हवेत. आमच्या धक्क्यावर लावू.”

“पण सर, धक्क्याशिवाय हमाल...”

“सायेब,” इतका वेळ वाकून बघणारी कमळ म्हणाली, “मुंग्या हायत त्या. नि त्यांच्या तोंडात माझं घावन हाय.”

हॉलभर हशा उसळला. हसले नाहीत ते फक्त साहेब. कारण ओळीचा पुढचा टप्पा टेबल उतरून मंडळाने शेजारी मांडलेल्या मॉडेलच्या हिरव्यागार डोंगराकडे निघाला होता. “उचला! आधी ते उचला!” ते ओरडले.

परतीच्या रिक्षात सदूला मनापासून वाईट वाटत होतं. धक्का कमळच्या मांडीवर होता आणि ती अधूनमधून पदराने मुंग्या झटकत होती. घरी आल्यावर तो मुकाट्याने टेबलावरचे रूळ सोडवायला लागला.

“धक्का माळ्यावर न्हाय न्यायचा,” कमळ म्हणाली.

“पण निवडला कुठे?”

“त्यांनी न्हाय निवडला. मी निवडलाय. त्याला मी कायमची जागा देनार.”

एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोने आपली कदर केली! तो तिच्या मागोमाग गेला. कमळने धक्का स्वयंपाकघरात नेला, ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला, टोपाच्या तळाला उरलेलं पीठ त्यावर ओतलं आणि साखरेचा डबा उचलून दुसऱ्या टोकाला सरकवला.

तेव्हापासून त्या डब्याला मुंगी लागलेली नाही. सगळ्या धक्क्यावर कामाला असतात. परवा शेजारच्या गोदूबाई हळद मागायला आल्या, त्यांनी ओट्याकडे बघितलं आणि तोंडभर कौतुक केलं.

“आमाला पन असा एक करून द्या ना भाऊ,” त्या म्हणाल्या. “रंगबिंग नको. निसतं पीठ फासलंत तरी चालंल.”