कायमचं वजन

"अंदाजे सांगू नका, काट्यावर चढा," हुसैनमियाँ म्हणाले, आणि विद्या पांगेरकरने नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की रमणला वाटलं, गाडी होती तशीच बरी होती.

हे चाललं होतं बौशरमधल्या हुसैनमियाँच्या स्प्रिंगांच्या दुकानात. मियाँ मूळचे दाभोळचे. ओमानातली तीस वर्षं त्यांनी मोठ्या गाड्यांच्या पोटाखाली आडवं पडून काढली होती. रमण एसीच्या डक्टची कामं बघणारा सुपरवायझर, गाव गुहागरजवळ. त्याची फोर-बाय-फोर वीस वर्षांची म्हातारी, मागून बसलेली. इब्राच्या पुढे एका कोरड्या नदीत दगड ओलांडून गेलं की हिरव्या पाण्याचं तळं लागतं, असं विद्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं. दोनदा गेले, दोन्ही वेळा गाडीचं पोट दगडाला घासलं आणि परत फिरले. आता लिफ्ट किट बसवायचं, गाडी उंच करायची आणि बायकोला तळं दाखवायचंच, असं रमणने मनावर घेतलं होतं.

ऑफिसातल्या देवेशने बजावून सांगितलं होतं, "चार इंचांच्या खाली घेऊच नका." देवेशकडे स्वतःची गाडीच नव्हती, त्यामुळे तो मोकळेपणाने सल्ले देऊ शकत असे.

"चार इंच उचललात तर भाभींना चढायला शिडी लागंल," हुसैनमियाँ म्हणाले. "दोन इंच बस. खरा खेळ स्प्रिंगचा हाय. गाडीत कायमचं वजन किती, त्यावर हलकी, मध्यम नायतर भारी. चुकलात तर गाडी उंच होईल, पण बसणाऱ्याची हाडं खिळखिळी."

"आम्ही तर तिघंच," विद्या म्हणाली.

"आणि तुझं स्वयंपाकघर," रमण म्हणाला.

हे खरं होतं. शेगडी, सिलिंडर, कुकर, पाण्याचा ड्रम, चटया आणि कांद्याची पिशवी घेतल्याशिवाय पांगेरकर कुटुंब बौशरची हद्द सोडत नसे. भंगार मोजायच्या काट्यावर सगळ्यांची वजनं झाली. स्वयंपाकघर नव्वद किलो. रमण एक्क्याऐंशी. बारावीतली लेक पूर्वा बावन्न. मग विद्या चढली. "शहात्तर!" हुसैनमियाँनी शेजारच्या टायरवाल्यालाही कळेल अशा आवाजात पुकारलं आणि निकाल दिला, "भारी." विद्या दोन दिवस रमणशी बोलली नाही.

किट जहाजाने यायला दोन महिने होते. तेलाचे भाव पडले होते, माणसं पटापट घरी जात होती. रमणची नोकरी वाचली. पण एका पानाचं पत्र आलं आणि कंपनीची फॅमिली क्वार्टर्स बंद झाली. पूर्वाची परीक्षा संपताच मायलेकी निघाल्या. पूर्वा पुण्याला होस्टेलवर, विद्या गावच्या घरात. एअरपोर्टवर विद्या एवढंच म्हणाली, "अहो, किट आलं की बसवून घ्या." त्यानंतर तीन आठवड्यांनी किट आलं.

"हलकी देतो बदलून," हुसैनमियाँ म्हणाले. "एकटेच तर तुम्ही आता."

"एकटा कसा? येतीलच त्या. ऑर्डर केलंय तेच बसवा."

बसवलं. गाडी देखणी दिसू लागली, पण तिच्या पाठीवर कुणी नव्हतं. भारी स्प्रिंगांना दाबायला वजनच नसल्यामुळे प्रत्येक स्पीडब्रेकरवर ती रमणला उडवायची आणि त्याचं डोकं छताला लागायचं. महिन्याभरात मानेला पट्टा आला. "सर, वाळू भरा," देवेशने सुचवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा सल्ला बरोबर निघाला.

रमणने गोण्या भरल्या, पण नुसत्या भरल्या नाहीत, मोजून भरल्या. पुढच्या सीटवर शहात्तर किलो, मागे खिडकीपाशी बावन्न, डिकीत नव्वद. सीटवरच्या दोघींना बेल्ट लावले. गाडी एकदम शहाण्यासारखी चालू लागली. अचानक ब्रेक मारावा लागला तर रमणचा उजवा हात आपोआप शेजारच्या गोणीपुढे आडवा होऊ लागला. कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. पण बघायला होतंच कोण, हेच तर दुःख होतं.

पाहिलं एका पोलिसाने. इब्राच्या रस्त्यावर कागद तपासताना त्याने गोणीकडे बोट दाखवून काय ते विचारलं. रमणचं अरबी डक्ट आणि नटबोल्टपुरतं. घाबरून तोंडातून निघालं, "मदाम."

पोलिसाने मान वळवून मागच्या गोणीकडे पाहिलं.

"बिंत," रमण म्हणाला. आता मुलीलाच का वगळा?

"हिंद?" पोलिसाने विचारलं, म्हणजे दोघी भारतात का.

"हिंद."

पोलीस हसला नाही. खिडकीतून हात घालून त्याने पुढच्या गोणीचा सैल झालेला पट्टा ओढून घट्ट केला आणि "यल्ला" म्हणत पुढे निघायची खूण केली. रमणने थोडं पुढे जाऊन गाडी कडेला घेतली. बराच वेळ त्याला पुढचा रस्ता नीट दिसेना.

डिसेंबरात पंधरा दिवसांच्या व्हिसावर मायलेकी आल्या. रमणने वाळू ओतून टाकली, स्वयंपाकघर चढवलं, दोघींना बसवलं आणि इब्राला निघाला. पहिल्याच स्पीडब्रेकरवर तिघांची डोकी छताला लागली. दुसऱ्यावर पुन्हा लागली. रमण तडक दुकानात.

"हुसैनमियाँ, स्प्रिंगा कडक झाल्या तुमच्या! सगळे आत आहेत, तरी गाडी बसत नाही!"

"स्प्रिंग जुनी झाली की बसते, रमणभाय. कडक नाय होत कधी. चला, काट्यावर."

स्वयंपाकघर नव्वद, तंतोतंत. पूर्वा चोपन्न. "मेसमध्ये फक्त पोटॅटो असतात, बाबा," ती म्हणाली. मग विद्या चढली. हुसैनमियाँ आकडा बघायला वाकले आणि बाजूला झाले. रमणने स्वतः वाकून पाहिलं. एकोणसाठ.

"हे काय गं?" त्याचा आवाज चढला. "रोज फोनवर म्हणायचीस, जेवले म्हणून!"

"एकटीसाठी कोण रांधतंय? चहा-बटरवर भागतं." तिने त्याच्या ढगळ शर्टाकडे पाहिलं. "आणि तुम्ही काय म्हणायचात? चढा बघू."

रमण चढला. सत्तर.

हुसैनमियाँनी बोटांवर हिशेब केला. "सव्वीस किलो कमी पडतं. वाळू टाकू?"

विद्याने डिकी उघडली, शेगडी काढली आणि दुकानाच्या अंगणात, जुन्या टायरांच्या आडोशाला कुकर चढवला. तळ्यावर जाणं त्या दिवशी राहिलंच. चटई अंथरली गेली. विद्याने रमणच्या ताटात भात वाढला. त्याने त्यातला अर्धा उचलून तिच्या ताटात टाकला. तिने तो परत त्याच्या ताटात टाकला. "मी खाल्लाय," तो म्हणाला. "खोटं बोलू नका," ती म्हणाली.

"प्लीज, दोघं खा ना," पूर्वा म्हणाली आणि रडू लागली.

मग दोघंही मुकाट्याने खायला लागले. आपला घास पुरा व्हायच्या आधी प्रत्येक जण दुसऱ्याने घास गिळला की नाही ते बघत होता.