नर जलकोळी आणि हंसाबाईंचं तूप

पाण्यातल्या किड्यांच्या बाबतीत दिग्रसपासून आर्णीपर्यंत माझा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो! "दुसरं कोणी त्या फंदातच पडलं नव्हतं," असं माझी बायको मंजुषा म्हणते. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

साल दोन हजार सहा. मी दिग्रसच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. आर्णी रस्त्यावरच्या एका बंजारा तांड्याच्या विहिरीत मला एक जलकोळी सापडला होता. मोहरीएवढा, कुंकवासारखा लाल, आठही पाय मारत पाण्यात भिरभिरणारा! मी माद्या कलकत्त्याच्या तज्ज्ञांकडे पाठवल्या. त्यांचा प्राचार्यांच्या खोलीत फोन आला. "प्रजाती नवी असू शकते. पण नर पाहिल्याशिवाय वर्गीकरण पक्कं होणार नाही. आणखी कुठे सापडते, तेही बघा."

नवी प्रजाती! जगभरच्या पुस्तकांत तिच्या नावामागे माझं आडनाव लागणार! प्राचार्यांनी त्याच दिवशी पेढे वाटले. घरी आल्यावर मी म्हणालो, "मंजू, किड्याला तुझंच नाव देतो!"

"खबरदार!" ती म्हणाली.

कापसाची ती फार वाईट वर्षं. भाव पडलेले, माणसं हबकलेली. पिशवी घेऊन तांड्यावर येणारा प्रत्येक जण पाहणीलाच आलेला असणार, ही लोकांची खात्री. मी विहिरीत जाळी सोडली की तांड्याचे नायक उत्तमसिंग काठावर बसून विचारायचे, "साहेब, तुमची कोणती कमिटी?"

"कमिटी नाही हो! किडा शोधतोय."

"सारे असंच म्हणते. लिहून घेते अन् चालले जाते."

एका रविवारी भिंगाखाली मला तो दिसला. मागच्या पायांची ती खास ठेवण! नर! कॉलेजच्या बाटल्या पोरांनी फोडलेल्या, म्हणून मी मंजुषाची लोणच्याची चिनीमातीची बरणी आणली होती. विहिरीच्या हिरवट पाण्यासकट नर बरणीत घातला आणि बरणी उत्तमसिंगांच्या ओट्यावर सावलीत ठेवली.

"जेवल्याबिगर जाऊन राह्यले का, मास्तर?" उत्तमसिंगांच्या घरच्या हंसाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. ज्वारीची भाकर, झुणका, वर लसणाचा ठेचा. मी नर विसरून जेवलो! निघताना त्यांनी तोंडाला फडकं बांधलेली बरणी हातात दिली. एसटीत मी ती तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेतली आणि कंडक्टरला म्हणालो, "ब्रेक हळू मारायला सांगा. आत नर आहे!" शेजारचा माणूस उठून मागच्या सीटवर गेला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर, सगळा स्टाफ जमवून, मी फडकं सोडलं.

बरणीत साजूक तूप होतं!

प्राचार्यांनी वास घेतला. "नीळकंठराव, प्रजाती उत्तम आहे!"

मी मिळेल त्या गाडीनं तांडा गाठला. हंसाबाई म्हणाल्या, "ते गढूळ पाणी होय? म्हशीच्या हौदात ओतलं. राखेनं बरणी घासली. बाईमाणसाची बरणी कोणी रिकामी धाडते का, मास्तर? मास्तरीणबाई काय म्हनतीन मले?"

मी हौदाकडे धावलो. हौद कोरडा! म्हैस शेजारी शांतपणे रवंथ करत होती. माझं सगळं संशोधन तिच्या पोटात गेलं होतं!

हंसाबाईंना फार वाईट वाटलं. त्यांनी सोयऱ्याधायऱ्यांच्या तांड्यांना निरोप धाडले: मास्तरांना लाल किडे पाहिजेत. झालं! माझ्या दारात बरण्या, डबे, शरबताच्या बाटल्या येऊन पडू लागल्या. पुसदकडून, आर्णीकडून, राजूरच्या कोळसा खाणीतल्या जावयाकडूनसुद्धा! प्रत्येकावर गावाचं नाव, प्रत्येकात जलकोळी, आणि नर तर ढिगानं! मी हरखून सगळे कलकत्त्याला पाठवले. मंजुषा मात्र कपाळाला हात लावून बसली. "आता एवढ्या बरण्या रिकाम्या कशा परत करायच्या?" ती चिवडा करायला लागली.

पुन्हा फोन आला. "अभिनंदन! प्रसार फार छान नोंदवलात. इतक्या ठिकाणचे नर पाहिल्यावर शंकाच उरली नाही. ही जुनीच प्रजाती आहे, देशभर सापडते."

प्राचार्यांनी पेढ्यांचा विषय काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

चिवड्याच्या बरण्या घेऊन मी तांड्यावर गेलो. मान वर होत नव्हती. "नायक, किडा नवा नाही निघाला. जुनाच आहे."

उत्तमसिंगांनी विचार केला. "कपाशी खाते का तो?"

"नाही."

"भाव पाडते?"

"छे!"

"लिहून घेऊन चालला जाते?"

"नाही हो!"

"मंग जुना असो का नवा, लाखाचा किडा हाय! राहू द्या त्याले विहिरीत!"

सगळा तांडा हसला. त्या वर्षी तिथं इतकं मोकळं हसणं मी ऐकलंच नव्हतं. आता उत्तमसिंग नाहीत, विहिरीवर जाळी बसली, पण ते हसणं अजून आठवतं.

मी तोंड पाडून बसलेला पाहून हंसाबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मन छोटं नका करू, मास्तर. दुसरा कोणता किडा पाहिजे ते सांगा. आज रातीच साऱ्या सोयऱ्यायले निरोप धाडते!"

मी धावत जाऊन दिग्रसची गाडी पकडली.