गोठ्यातली शिलाई मशीन

आमचे शेजारी शेषरावकाका कोणतीही बिघडलेली वस्तू दिसली की आधी तिच्या पोटावर थाप मारतात. उभा जन्म गुरांच्या दवाखान्यात गेला. हुद्दा ‘व्रणोपचारक’, म्हणजे जखमांची मलमपट्टी करणारा, जो काकांना स्वतःलाही एका दमात म्हणता येत नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हात अजून ड्यूटीवरच आहे. एकदा माझी मोटारसायकल चालू होईना. काकांनी टाकी थोपटली, कान लावला आणि म्हणाले, “अपचन झालं मास्तर. पडू द्या घडीभर.” पंधरा मिनिटांनी गाडी एका किकमध्ये सुरू झाली. तेव्हापासून मी काकांना हसणं सोडलं. म्हणजे समोर तरी.

गेल्या उन्हाळ्यात काकांनी गोठ्यातून एक पायमशीन बाहेर काढली. मशीन म्हणायचं ते सवयीनं. होता तो गंजाचा गोळा. चाक हलेना, सुईची दांडी जागच्या जागी धरलेली, पायडलवर कोंबडीनं संसार थाटलेला.

मशीन सुमनकाकूंची, माहेराहून आलेली. लग्न झाल्यावर काकूंना आमच्या देऊळघाटातल्या बायांचे ब्लाउज शिवायचे होते. काका नुकतेच नोकरीला लागलेले. म्हणाले, “सरकारी मानसाची बायको लोकायचे कपडे शिवन काय?” मशीन गोठ्यात गेली. काकू त्यावर काही बोलल्या नाहीत. चाळीस वर्षं बोलल्या नाहीत. ते न बोलणं काकांना आता म्हातारपणी ऐकू यायला लागलं होतं. काकू पुन्हा त्या मशीनवर बसतील का, एवढाच त्यांना घोर होता. गंज त्यामानानं सोपा.

उपचार सुरू झाले. गुरांना टोचायची ती दांडगी पिचकारी घेऊन काका रोज सकाळ-संध्याकाळ मशीनच्या सांध्यासांध्यात डिझेल सोडत. आठवडा झाला तरी एक स्क्रू हलेना. मी म्हटलं, “काका, हातोडीचा एक ठोका द्या ना.”

“जनावरावर जबरदस्ती नाई करा लागत,” काका भडकले. “तुमाले दातखीळ बसली तं तुमाले हातोडी मारू काय?”

बाराव्या दिवशी स्क्रू सुटला. काकांनी गल्लीत गूळ वाटला. लोकांना वाटलं गाय व्याली. मग रेजमालचा खरखरीत कागद घासून घासून काकांची बोटं सोलली आणि गंजाखालून काळं कुळकुळीत अंग निघालं, वर सोनेरी वेलबुट्टी. काकू येता-जाता डिझेलच्या वासानं नाकाला पदर लावत.

शेवटी नवा पट्टा चढला. काकांनी एक चिंधी सुईखाली सरकवली आणि पायडल मारलं. दोऱ्याचा गुंता. पुन्हा मारलं, दोरा तुटला. तिसऱ्यांदा तेच. काकांनी मशीनचं पोट थोपटलं. “चारा गिळून राह्यलं, मंग रवंथ काऊन नाई करत बे?”

ओसरीत काकू तूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “चाक उलटं फिरून राह्यलं.”

काकांचा पाय थांबला. “मंग कसं फिरवा लागते?”

“आपल्याइकडं.”

काकांनी चाक आपल्याकडे ओढलं. मशीन सुरसुर चालली, चिंधीवर सरळ टीप उमटली. मी टाळ्या वाजवल्या. काकू मात्र सूप उचलून आत निघून गेल्या. काकांचं तोंड एवढंसं झालं. “गंज निंघाला मास्तर,” ते म्हणाले, “माही चूक काई निंघाली नाई.” मला वाईट वाटलं, खरंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या फाटकावर पत्र्याची पाटी लागली होती. ‘येथे लसीकरण होईल’ लिहून लिहून घोटलेलं काकांचं ठळक अक्षर: ‘सुमनबाई शिलाई सेंटर. येथे ब्लाउज, परकर, पिशव्या शिवून मिळतील.’ पाटी लावून हा गडी माझ्या अंगणात येऊन लपला होता.

काकू झाडू घेऊन बाहेर आल्या. पाटी वाचली. पुन्हा वाचली. माझ्या शेजारी काका आणखीच खाली दबले.

“अवो, आइकता काय?” काकूंनी हाक मारली. आम्ही कुठं आहोत ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. “साडीले फॉल लावून मिळन, हे काऊन नाई लिव्हलं?”

काका रंगाचा डबा शोधायला असे पळाले की चपला माझ्या अंगणातच राहिल्या.